हाताला काम, कामाला शास्त्र : शालेय वयातील मोटार दुरुस्तीचे शिक्षण

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : "आता कोणत्या लाईनला घालायचे?" टक्के भरपूर असतील तर विज्ञान, थोडे कमी असतील तर वाणिज्य, आणि काहीच जमले नाही तर कला. या तीन कप्प्यांच्या पलीकडे चौथा कप्पा आहे, याची आठवण कुणाला होत नाही. झाली तरी "एवढे शिकवून काय गॅरेजमध्ये घालायचे?" असे म्हणून ती झटकून टाकली जाते. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. गॅरेजमधील पाना आम्ही रोज हातात धरत नाही. तथापि बँकेच्या काउंटरवर अनेक वर्षे बसल्यामुळे कोणत्या धंद्यात पैसा कसा येतो आणि कुणाच्या खात्यात महिनाअखेर काय उरते, हे आम्हाला दिसते. त्याच अनुभवाच्या आधारे, आणि या क्षेत्रातील शिक्षकांकडून व कारागिरांकडून समजून घेऊन, मोटार दुरुस्तीचे शालेय शिक्षण म्हणजे काय याची माहिती सभासदांपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

मनातील अढी

प्रथम पालकांच्या मनातील अढीचा विचार केला पाहिजे. ती अढी निराधार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान् पिढ्या अंगमेहनतीची, हलकी समजली जाणारी कामे केली. त्या कामांतून बाहेर पडण्यासाठी आपण शिक्षणाची वाट धरली. बापाने हमाली करून, आईने धुणीभांडी करून मुलाला शिकविले ते टेबल-खुर्चीवर बसावे म्हणून. त्याच मुलाचे हात पुन्हा ऑईलने काळे झालेले पाहणे कोणत्या बापाला आवडेल?

परंतु येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या पूर्वजांवर लादली गेली ती अकुशल कामे होती. कुशल कामापासून त्यांना जाणूनबुजून दूर ठेवले गेले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात अधिक मिळे. म्हणजे कौशल्य हे त्या काळी एक राखून ठेवलेले धन होते. १९४२ साली व्हाईसरॉयला सादर केलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची मागणी केली होती. कला आणि कायदा यांच्या पदव्यांपेक्षा हे शिक्षण समाजाला अधिक उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धकाळात कारागीर तयार करण्यासाठी चालविलेली तंत्रप्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. तेव्हा तंत्र शिकणे म्हणजे मागे जाणे, हा समज आपण तरी करून घेऊ नये. अज्ञानाने केलेली मजुरी वेगळी आणि शास्त्र समजून केलेले काम वेगळे.

थोडा इतिहास

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील आयटीआय, या योजनेखाली चालतात. १९६१ साली शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आकडेच ठरविले : उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळले पाहिजेत. हे उद्दिष्ट गाठता आले नाही. १९९२ च्या कृती कार्यक्रमात तीच टक्केवारी १९९५ आणि २००० या सालांवर ढकलावी लागली. १९८८ साली केंद्राची योजना आली आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे १९९३ साली भोपाळ येथे पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नावाने केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन झाली. शाळांतील व्यवसाय विषयांची पुस्तके व अभ्यासक्रम तयार करण्याचे काम तिच्याकडे आहे. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळेपासूनच व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्यावर भर दिला.

योजनांची नावे बदलत गेली, मूळ विचार मात्र एकच राहिला. चौदा ते अठरा या वयात मुलाच्या हाताला वळण लागते. त्या वयात पुस्तक आणि पाना दोन्ही हातात आले तर तो घडतो.

शाळेतून निघणाऱ्या वाटा

मोटार दुरुस्ती शिकण्यासाठी विद्यार्थ्यापुढे मुख्यतः चार वाटा आहेत. त्यांतला फरक नीट समजला नाही तर पुढे पस्तावण्याची पाळी येते.

पहिली वाट नववी-दहावीची. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार काही निवडक शाळांमध्ये 'ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन' हा विषय इतर विषयांबरोबर शिकविला जातो. गाडीचे भाग, हत्यारे, सर्व्हिसिंगची पायरी, ग्राहकाशी बोलणे, अशी ही तोंडओळख असते. एवढ्यावर कुणी मेकॅनिक होत नाही. पण आपल्याला हे आवडते की नाही, हे मुलाला कळते, आणि तेही थोडे नाही.

दुसरी वाट अकरावी-बारावी विज्ञानाच्या द्विलक्षी अभ्यासक्रमाची. यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून २०० गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. 'स्कूटर व मोटारसायकल सर्व्हिसिंग' हा त्यांपैकीच एक. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे विषय कायम राहतात, त्यामुळे अभियांत्रिकीचे दार बंद होत नाही. हुशार मुलांच्या पालकांनाही ही सोय बहुधा ठाऊक नसते.

तिसरी वाट अकरावी-बारावीच्या पूर्ण व्यवसाय अभ्यासक्रमाची. यात ऑटोमोबाईल तंत्राशी संबंधित विषयांना व प्रात्यक्षिकांना अधिक वेळ असतो, आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यावयाचे प्रशिक्षणही असते. येथून नोकरीकडे जाता येते, तसेच पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो.

चौथी वाट दहावीनंतर आयटीआयची. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा, 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा. अलीकडे 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा नवा व्यवसायही आला आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर देशभर मान्य असलेले राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर कारखान्यात किंवा एस.टी. महामंडळाच्या विभागीय कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. एस.टी.च्या दापोडी, हिंगणा व चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असतील. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट खुली आहे, म्हणजे "आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपले" हे खरे नाही.

याशिवाय एक पाचवी वाट आपल्या डोळ्यांसमोर रोज असते. शाळा सोडून रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये 'छोटू' म्हणून लागायचे, उस्तादाला चहा आणून द्यायचा, पाने पुसायचे, आणि बघून बघून शिकायचे. या वाटेने गेलेले अनेक जण उत्तम मिस्त्री झाले, हे आम्ही नाकारत नाही. परंतु २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला असे कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा की, बघून शिकलेल्याला 'कसे' कळते, 'का' कळत नाही. गाडी बदलली की त्याचे शिक्षण तेथेच थांबते.

कार्यशाळेत नेमके काय शिकवितात?

पहिले काही आठवडे मुलाला गाडीला हातही लावू देत नाहीत. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानशीने तो काटकोनात घासायला लावतात. मुले कंटाळतात. पण यातूनच हाताला दाब कळतो. किती आवळले म्हणजे बोल्ट घट्ट बसतो आणि किती आवळले म्हणजे त्याचे आटे जातात, हे पुस्तकातून समजत नाही. पुढे टॉर्क रेंच हातात आला की तोच अंदाज आकड्यात मोजायला शिकवितात.

मग मापन. व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेता येते. एवढे बारीक कशाला, असे वाटेल. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची फट, जिला गॅरेजमध्ये 'टॅपेट सेटिंग' म्हणतात, ती अनेक लहान गाड्यांत कागदाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. फट जास्त राहिली तर इंजिन टकटक वाजते. कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. आवाजावरून टॅपेट लावणारे उस्ताद आहेत, पण फीलर गेज लावून तपासणारा मुलगा चुकत नाही.

दहावीच्या गणिताचा येथे किती उपयोग होतो ते पाहा. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र सर्वांनी पाठ केलेले असते. इंजिनचा सिलिंडर म्हणजे वृत्तचितीच. १९९४ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडर गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. सेंटीमीटरमध्ये मांडले तर ३.१४ × २.५ × २.५ × ४.९५ म्हणजे सुमारे ९७ घनसेंटीमीटर. गाडीला '१०० सीसी' म्हणतात ते येथून आले. जे सूत्र वर्गात नकोसे वाटत होते, तेच फळ्याऐवजी इंजिनावर मांडले की मुलाला आपले वाटू लागते. चार स्ट्रोक इंजिनात पिस्टन एकदा वायू आत ओढतो, एकदा दाबतो, एकदा स्फोटाने खाली ढकलला जातो आणि एकदा जळका वायू बाहेर लोटतो. या चार धावांत क्रँक दोनदा फिरतो. म्हणजे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर त्या सिलिंडरमध्ये १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा स्फोट होतो. हा हिशेब ज्याला करता येतो, त्याला इंजिनची भीती वाटत नाही.

दोष शोधण्याची पद्धत

आमच्या मते या शिक्षणाचा गाभा येथे आहे. नट खोलणे कुणालाही जमते. कोणता नट खोलायचा, हे ठरविता येणे ही विद्या होय.

समजा, मोटारसायकल सुरू होत नाही. अडाणी कारागीर लगेच प्लग बदलतो, मग कॉईल बदलतो, मग कार्ब्युरेटर खोलतो. चार सुटे भाग बदलून झाल्यावर गाडी सुरू होते आणि बिल ग्राहकाच्या माथी बसते. शिकलेला विद्यार्थी प्रथम विचार करतो. इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : इंधन व हवेचे योग्य मिश्रण, योग्य वेळी ठिणगी, आणि पुरेसा दाब. यांतली कोणती नाही? टाकीत पेट्रोल आहे का आणि ते इंजिनपर्यंत पोहोचते का, हे प्रथम पाहायचे. प्लग काढून पाहायचा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. काजळी धरून काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बहुधा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट पडले असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापते. ओला असेल तर पेट्रोल येते, ठिणगी पडत नाही. मग ठिणगी तपासायची. ती असेल तर दाबमापक लावून दाब बघायचा. एकेक शक्यता बाद करीत जायचे, आणि जी उरेल तेथे हात घालायचा.

डॉक्टर रोग्याला तपासतो तीच ही रीत. फरक इतकाच की, गाडीला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कारण आणि परिणाम यांची सांगड घालायची सवय लागली, तर ती केवळ गॅरेजमध्ये कामाला येते असे नाही. कुणी काही सांगितले म्हणून न मानता स्वतः तपासून पाहण्याची वृत्ती अंगी बाणते. आम्हाला महाविद्यालयात तर्कशास्त्राची पुस्तके होती. त्यांत जे सांगितले होते ते या मुलांच्या हातांना कळते.

बॅटरीचेही तसेच. "बॅटरी गेली" असे सांगून नवी विकणे सोपे आहे. मल्टिमीटर लावून पाहिले तर पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो चढत नसेल तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगच्या यंत्रणेत आहे. नवी बॅटरी टाकली तरी तीही आठवड्यात उतरेल. ही दोन मापे घ्यायला दोन मिनिटे लागतात आणि ग्राहकाचे हजारो रुपये वाचतात. असा प्रामाणिक कारागीर ज्या गल्लीत असतो, त्याच्या दुकानापुढे रांग लागते.

गाडी बदलली, शिक्षण बदलले पाहिजे

काही जण म्हणतात, "आता सगळ्या गाड्या कॉम्प्युटरच्या झाल्या, गॅरेजवाल्यांचे दिवस संपले." यात अर्धे सत्य आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची प्रदूषण मानके लागू झाली. त्यामुळे नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. त्यापूर्वी, २०१९ पर्यंत, १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले होते. स्क्रू फिरवून 'ट्यूनिंग' करण्याची जुनी कला नव्या गाडीवर चालत नाही.

आता स्कॅनर नावाचे यंत्र गाडीला जोडतात आणि ते दोषाचा क्रमांक दाखविते. पण हा क्रमांक म्हणजे निदान नव्हे. समजा, ऑक्सिजन सेन्सरकडून कमी व्होल्टेज येते, असे यंत्राने सांगितले. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा आत शिरत असेल. यंत्र फक्त लक्षण सांगते. कारण शोधायला पुन्हा तीच जुनी विचारपद्धती लागते. म्हणून मूळ शास्त्र शिकलेल्याला नवी गाडी अडवीत नाही. पाठांतराने शिकलेला मात्र अडतो.

विजेच्या गाड्यांचेही असेच. १९७२ साली आलेली बजाज चेतक स्कूटर कित्येक मराठी कुटुंबांची पहिली गाडी होती. तिचे उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबले. २०२० साली त्याच नावाची स्कूटर परत आली, पण तिच्यात ना पिस्टन, ना प्लग, ना सायलेन्सर. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांवर ती चालते. ऑईल बदलण्याचे काम गेले. तरीपण टायर, ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन, हेडलाईट व वायरिंग कोणत्याही गाडीला चुकत नाही. शिवाय देशात पेट्रोलवर धावणाऱ्या कोट्यवधी गाड्या एका रात्रीत भंगारात जाणार नाहीत. ज्या विद्यार्थ्याला आज प्रवेश घ्यायचा आहे, त्याने इंजिनबरोबर वीजशास्त्राचाही पाया पक्का करावा. ओहमचा नियम ज्याला नीट कळला, त्याची भाकरी पुढची तीस वर्षे सुटणार नाही.

जिवाची काळजी

एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पोरे पेट्रोलने हात धुतात, ब्रेकच्या ड्रममधील धूळ तोंडाने फुंकतात, जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरतात. पेट्रोल कातडीतून अंगात भिनते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसात बसली तर अनेक वर्षांनी असाध्य रोग होतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. विजेच्या मोटारगाड्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. विद्युतप्रवाह तोडल्याची खात्री केल्याशिवाय आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. २०२२ साली विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर बॅटरीचे सुरक्षानियम कडक करण्यात आले. चांगल्या शाळेत पहिला धडा सुरक्षिततेचा असतो. केवळ या एका कारणासाठीही उस्तादाकडे उमेदवारी करण्याआधी मुलाने शाळेत शिकावे, असे आम्ही म्हणू.

मुलींनी मागे का राहावे?

"हे काम मुलींचे नाही" असे ठासून सांगणारे आपल्यातही आहेत. इंजिन उचलायला चेन ब्लॉक असतो, चाकाचे नट सोडवायला न्यूमॅटिक गन असते. दोष शोधणे, वायरिंग करणे, स्कॅनर वाचणे, जॉब कार्ड लिहिणे, ग्राहकाला खर्चाचा अंदाज देणे, या कामांना मनगटापेक्षा डोके लागते. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात. आज आपल्या मुली स्वतः स्कूटर चालवितात. चालविणारीने ती दुरुस्तही केली तर बिघडले कुठे?

गॅरेज आणि बँक

आता आमच्या टेबलावरील गोष्ट. गॅरेज काढण्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्या तरुणांकडे हुन्नर असतो, कागद नसतात. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात 'शिशू' गटात ५० हजार, 'किशोर' गटात ५ लाख व 'तरुण' गटात १० लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्जाची तरतूद करण्यात आली. तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ साली ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविली गेली. कर्ज मंजूर करताना अधिकारी काय पाहतो? जागेचा भाडेकरार, उद्यम नोंदणी, हत्यारांचे व यंत्रांचे कोटेशन, मागील सहा महिन्यांचे खाते, आणि हे काम अर्जदाराला येते याचा पुरावा. हा शेवटचा पुरावा म्हणजे शाळेचे किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र. वीस वर्षे गॅरेजमध्ये घालविलेला मिस्त्री ज्या ठिकाणी अडखळतो, त्या ठिकाणी प्रमाणपत्र असलेला मुलगा सहज पुढे जातो.

त्याबरोबर आमची सूचना अशी की, पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही ठेवावी. रोजची कमाई, रोख असो वा मोबाईलवरून आलेली, खात्यातून गेली पाहिजे. संध्याकाळची रक्कम खिशात राहिली की ती खर्च होते. खात्यात गेली की ती पत होते. ग्राहकाला पावती द्यावी, बदललेला जुना भाग त्याच्या हातात द्यावा. विश्वास हेच या धंद्याचे भांडवल होय.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे पगार तुटपुंजा असतो, उभे राहून पाय भरून येतात, लहान गॅरेजमध्ये भविष्य निर्वाह निधी वगैरे काही नसतो. नोकरीची हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. पण ती हमी आमच्या बी.ए.च्या पदवीनेही कुणाला दिलेली नाही. बँकेच्या लिपिकाच्या परीक्षेला बसणाऱ्या पदवीधरांची गर्दी आणि त्यांतून निवडले जाणारे मूठभर, हे चित्र आम्ही जवळून पाहतो. पदवी घेऊन तिशीपर्यंत अर्ज भरत बसलेल्या मुलापेक्षा, बाविसाव्या वर्षी चार पैसे मिळविणारा आणि संध्याकाळी पदविकेचा अभ्यास करणारा मुलगा आम्हाला अधिक पुढे गेलेला वाटतो.

पालकांनी आणि संस्थेने काय करावे?

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एकदा कार्यशाळा स्वतः जाऊन पाहावी आणि चार प्रश्न विचारावेत. चालू स्थितीतील इंजिने किती आहेत? एका इंजिनामागे मुले किती? निदेशकाची जागा भरलेली आहे की रिकामी? कोणत्या गॅरेजशी किंवा कारखान्याशी प्रशिक्षणाची व्यवस्था आहे? ज्या शाळेत इंजिन काचेच्या कपाटात आणि कुलपाची किल्ली हेडमास्तरांकडे, तेथे मूल काय शिकणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आयटीआय व अकरावी-बारावीलाही लागू आहे. तिचा अर्ज वेळेत भरावा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. दरवर्षी कितीतरी मुले केवळ दाखल्यावाचून मुकतात.

संस्थेच्या पातळीवरही काही गोष्टी फारशा खर्चाशिवाय होण्यासारख्या आहेत. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांना एखाद्या एस.टी. आगाराची आणि एखाद्या आयटीआयची भेट घडवावी. आपल्या सभासदांपैकी जे एस.टी.त, रेल्वेत, कारखान्यांत फिटर-मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्यांनी महिन्यातून एक रविवार मुलांना द्यावा. त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबर निघून जाता कामा नये. संस्थेने पाने, मल्टिमीटर, फीलर गेज यांचा एक संच घेऊन ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे तो गरजू विद्यार्थ्यांना वापरायला द्यावा. आणि गुणवंतांच्या सत्कारात टक्केवारीने पहिल्या आलेल्या मुलाशेजारी, आयटीआयमध्ये पहिल्या आलेल्या मुलालाही त्याच व्यासपीठावर, तेवढ्याच मोठ्या हाराने गौरवावे. मुलांना आपण काय मोठे मानतो, हे आपल्या भाषणांतून कळत नाही. आपण कुणाला व्यासपीठावर बोलावतो यावरून कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा, वकील व्हा, जिल्हाधिकारी व्हा, आम्हाला आनंदच आहे. परंतु तुमचे मन यंत्रात रमत असेल, बंद पडलेली गाडी पाहून तुमचे हात शिवशिवत असतील, तर लाजू नका. घरी मोकळेपणाने सांगा. गणित आणि विज्ञान सोडू नका, प्रमाणपत्र घेतल्याशिवाय थांबू नका, आणि एकदा घेतले म्हणून शिकणे बंद करू नका. हाताला लागलेले ऑईल साबणाने निघते. हातात आलेली विद्या कुणाला काढून घेता येत नाही.